शेवटच्या पानाच्या तीन पट्ट्या

पुस्तक हाती आले की लोक त्याचे नाव पाहतात, मुखपृष्ठ पाहतात, किंमत पाहतात. दाभणमावशी पुस्तक पालथे करून पाहत. आधी पाठ. पाठीवरून अंगठा फिरे, वरून खाली, वैद्याने रोग्याचे मणके चाचपावेत तसा. आणि मग निदान सांगितले जाई. "याला ओल लागलीय, भिंतीला टेकून होतं." किंवा, "याला कुणीतरी उपडं झोपवलंय. वाचक कसले, वैरी आहेत मेले!"

सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत, त्या एकतीस वर्षे पुस्तके बांधत होत्या. एक खिडकी, एक लांब टेबल, पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचे पातेले, मेण लावलेला दोरा, आणि भोके पाडायचे दाभण. त्या दाभणावरूनच त्यांचे नाव पडले. हाताशी असे म्हणून, आणि जिभेवर असे म्हणूनही. ज्याने हा हाडामांसाचा देह आतून शिवला आणि एकही टाका बाहेर दिसू दिला नाही, त्या थोर कारागिराचे नाव घेतल्याशिवाय मावशींनी कधी सुईत दोरा ओवला नाही. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. ज्याचे काम करायचे त्याला हाका कशाला मारायच्या, तो तर दोऱ्यातच आहे, असे त्यांना वाटे.

वडील याच खोलीत बांधणी करत. त्यांच्यापासून मावशींनी दोन गोष्टी घेतल्या. एक, पाठीला सरस लावायचा नाही, पिठाची खळ लावायची. कारण सरस धरून बसतो आणि खळ सोडते, आणि आपण बांधलेले उद्या कुणाला उसवावे लागले तर त्याला शिव्या द्यायची वेळ येऊ नये. दुसरी, पान दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून कात्री लावायची नाही. पहिली गोष्ट त्यांनी जन्मभर पाळली. दुसरी एकदा मोडली. आणि ते एकदाच कसे एकतीस वर्षांनी दारात येऊन उभे राहिले, त्याची ही हकीकत.

महिन्याची पाच तारीख होती. ग्रंथपालबाई खोलीत आल्या. वयाने मावशींच्या लेकीएवढ्या, पण चष्मा आणि नियम दोन्ही जाड. एका हातात राखाडी कापडाचे पुस्तक, दुसऱ्या हातात पत्र.

"मावशी, हे पुस्तक आठवतं का? तुमच्याच हातची बांधणी."

मावशींनी पाठीवरून अंगठा फिरवला. "माझीच. अगदी सुरुवातीची. टाके बघा कसे भेदरल्यासारखे पडलेत. आतला मजकूर मात्र विचारू नका. इंग्रजी अक्षरं मी ओळखते, ती मला ओळखत नाहीत."

"रहस्यकादंबरी आहे. सत्तर वर्षांपूर्वीची. लेखकाचं नाव तिकडेसुद्धा कुणाला माहीत नाही. त्याच्या मुलीचं पत्र आलंय इंग्लंडहून. वाचते, ऐका."

ग्रंथपालबाई पत्र वाचत गेल्या, अर्थ सांगत गेल्या. लिहिणारी बाई ऐंशीला टेकलेली. तिचे वडील बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली. युद्ध नुकते संपलेले, कागदाची टंचाई, म्हणून पातळ कागदावर ती थोड्या प्रती छापली गेली. त्यातल्या बऱ्याचशा गोदामाच्या आगीत गेल्या. घरची प्रत शेजाऱ्याने वाचायला नेली आणि शेजारी गाव सोडून गेला. आता विस्मृतीत गेलेल्या रहस्यकथा पुन्हा छापणारा एक लहानसा प्रकाशक पुढे आला आहे. जगभर शोध घेतला तेव्हा या ग्रंथालयाच्या यादीत एक प्रत सापडली. आपण सगळ्या पानांचे फोटो पाठवलेत, उपकार झाले. पण फोटो दोनशे बाविसाव्या पानाला संपतात. तिथे गोष्ट संपत नाही. अजून एक पान आहे. त्या पानात एक लहान मुलगी आहे, आणि ती मुलगी मी आहे. सहा वर्षांची असताना वडिलांनी ते पान मला मांडीवर घेऊन वाचून दाखवले होते. ती मुलगी काहीतरी म्हणते. काय, ते मला आता आठवत नाही. पानाच्या मागच्या बाजूला प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी होती आणि वर एक इवलेसे दीपगृह. कृपा करून पाहा. प्रकाशक अठ्ठावीस तारखेपर्यंत थांबेल, मग आहे तसे छापील.

दीपगृह! मावशींचा अंगठा पाठीवरच थांबला.

"बहुतेक आपल्याकडे येण्याआधीच हरवलं असणार," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तसंच कळवते."

"नका कळवू."

"का?"

"हरवलेलं नाही ते, बाई. मी कापलंय."

आणि मावशींनी सांगितले. वडिलांचा उजवा हात लुळा पडला त्या आठवड्यात ही खोली त्यांच्यावर एकटीवर आली. वय चोवीस. दाराशी पुस्तकांचे गठ्ठे, आणि दवाखान्यात बाप. या पुस्तकाचे शेवटचे पान सुटून आत नुसते खोचलेले होते, यादीची बाजू वर. जाहिरातीची पाने पाठीच्या अस्तराला वापरायची, ही बाइंडरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शिवलेल्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली की ती भक्कम होते, आणि कोरा कागद कशाला वाया घालवायचा? मावशींनी दीपगृह पाहिले. किती सुरेख, असेही मनात आले. आणि पान न उलटता त्याच्या उभ्या तीन पट्ट्या कापून त्याच गठ्ठ्यातल्या तीन पुस्तकांच्या पाठीला लावून टाकल्या.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मावशी, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता."

"आणि मी रोज त्या कपाटावरून डबा खायला गेले असते. घास उतरला असता का?"

"पण आता काय करणार? चौदा हजार पुस्तकं आहेत."

"पाठी उघडणार."

"चौदा हजार?"

"नऊ," मावशी म्हणाल्या, आणि पदर खोचला.

घरी त्यांचे यजमान ऐकून हसायलाच लागले. बसवर तिकीट तपासनीस म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. समोरच्याच्या बोलण्यातला पुढचा थांबा आधीच ओळखायची खोड अजून गेली नव्हती.

"म्हणजे त्या गोष्टीचा शेवट तू बदललास! अगं, मी वाचलंय ते पुस्तक, दोनदा. बंदरावरचा कारकून असतो एक, साधा. त्याच्या हाती चुकून एक कागद लागतो, आणि काही माणसं त्याच्या जिवावर उठतात. नऊ दिवस तो घरात चोरासारखा येतो, चोरासारखा जातो, बायकोपोरीला कळू नये म्हणून. शेवटी धुक्यात बंदरावरचा पूल, जहाज आलं की बाजूला फिरणारा, मागे मारेकरी, पुढे शिट्टी वाजते, आणि हा दोन्ही हात वर करतो. खलास!"

"तुम्हाला आवडला तो शेवट?"

"आवडतो कसला! अन्न गोड लागलं नाही दोन दिवस. एवढा धडपडला बिचारा आणि हात वर केले."

"मग मी तेच सांगतेय, अहो. तो तिथे संपतच नाही. घरी जातो की नाही, हे माझ्या कात्रीनं एकतीस वर्षं अडवून धरलंय. त्या माणसाला घरी पोचवल्याशिवाय मी काही थांबणार नाही."

"आणि पट्ट्या मिळाल्या नाहीत तर?"

"तुम्ही फुकट्या प्रवाशाला कधी सोडलंत का?"

हा थांबा यजमानांनी ओळखला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालय उघडण्याआधी दोन तास मावशी कपाटांपुढे उभ्या. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. ते वर्ष राखाडी कापडाचे होते. कापडाचा मोठा तागा स्वस्तात मिळाला आणि वर्षभराची सगळी बांधणी त्याच कापडात झाली. आणि वडिलांची शिस्त होती की दहा-दहा पुस्तकांचा एक गठ्ठा करायचा आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात, गठ्ठ्याचा आकडा पेन्सिलीने टाकायचा. या कादंबरीत आकडा होता एकेचाळीस. राखाडी पाठ दिसली की पुस्तक काढा, मागून उघडा, कोपरा पाहा. अडतीस. ठेवा. बावन्न. ठेवा. शिडीवर चढा, उतरा, शिडी सरकवा. गुडघे कुरकुरले तर त्यांना सांगा, तुमचेही अस्तर नंतर बघू. जपमाळेचा मणी सरकावा तसे एकेक पुस्तक सरकत होते. आणि ज्याचे ध्यान लागले आहे त्याला किती मणी झाले याची काय पर्वा! पाच सकाळी गेल्या. एकेचाळिसाची आठ पुस्तके टेबलावर आली. नववे कपाटात नव्हते.

आठांतली तीन उंच होती. कादंबरीचे पान टीचभर; त्याच्या पट्टीने उंच पाठ झाकली जाणार नाही. उरली पाच.

ग्रंथपालबाईंनी अट घातली. "एका वेळी एकच. पहिलं पुन्हा बांधून वाळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. एका पानासाठी पाच पुस्तकं उसवलेली पडली तर समितीला मी काय सांगू?"

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाल्या. नियमाचा त्यांना कधी राग येत नसे. टाकासुद्धा नियमच आहे.

एका पुस्तकाला दोन दिवस. पाठीवर कोमट ओले फडके ठेवायचे, थांबायचे, खळ मऊ झाली की हाडाच्या पट्टीने कापड हळूच उचलायचे, आणि आतले अस्तर पाहायचे. पहिल्यात निघाले कुठल्याशा शाळेचे जुने वेळापत्रक. नवे अस्तर, नवे कापड, शिकंजा, एक दिवस वाळवण. दुसरे पुस्तक भूमितीचे होते. कापड उचलले, आणि खाली पातळ, पिवळी पडलेली पट्टी. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरे, प्रत्येक ओळ उजवीकडे कापलेली. मावशींनी पट्टी कोमट पाण्यात सोडली. एकतीस वर्षांची खळ, बापाने सांगितलेली खळ, शहाण्या मुलासारखी सुटली.

तिसऱ्यात काही नाही. चौथे पोहायला शिकवणारे होते. त्याच्या पाठीतून दुसरी पट्टी निघाली, आणि तिच्या मागच्या बाजूला दीपगृह! मावशींनी ते टिपकागदावर ठेवले आणि हात जोडले. पाचव्यात काही नव्हते.

दोन पट्ट्या जोडून ग्रंथपालबाई आणि यजमान काचेतून वाचायला बसले. यजमान मुद्दाम टोपी घालून आले होते, समारंभाला यावे तसे. डावीकडचा आणि मधला मजकूर लागत होता, उजवीकडचा तुटत होता.

"घरी पोचला!" यजमान ओरडले. "हात वर केले ते शरण जायला नव्हेच, पुलावरच्या गड्याला खूण केली त्यानं. पूल फिरला आणि मारेकरी पलीकडे अडकले. वा रे पठ्ठ्या!"

"मुलगी आहे जिन्याच्या वर," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ती म्हणते, 'बाबा, आज तुम्ही सोडून आलात…' आणि पुढचं कापलंय."

"टोपी. टोपी सोडून आला असणार."

"छत्री असेल. धुकं होतं ना."

"धुक्यात छत्री कोण नेतं, बाई?"

ग्रंथपालबाईंनी त्याच दिवशी प्रकाशकाला कळवले. उत्तर आले: फार छान, इतके पुरे आहे, उरलेले शब्द आमचे संपादक जुळवून घेतील.

"घ्या, झालं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही कमाल केलीत. आता विसावा घ्या."

मावशी पट्ट्यांकडे पाहत होत्या. "जुळवून घेतील म्हणजे?"

"म्हणजे योग्य वाटेल तो शब्द घालतील."

"कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात आपला शब्द घालायचा? ती बाई ऐंशी वर्षांची झाली, आपण काय बोललो होतो ते ऐकायला बसलीय. आणि तिला संपादकाची टोपी द्यायची? नाही बाई. नववं पुस्तक कुठे आहे?"

नववे पुस्तक गुलाबाच्या लागवडीचे होते. नऊ वर्षांपूर्वी मोजणीसाहेबांनी नेलेले. जमिनी मोजायच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चार स्मरणपत्रे गेली, तेव्हा त्यांनी एक ओळ लिहून पाठवली होती: पुस्तक हरवले आहे.

"बघा, हरवलंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यांच्या सहीचं आहे."

"सही खरी असेल," मावशी म्हणाल्या. "माझंही पान परवापर्यंत हरवलेलंच होतं."

एकवीस तारखेला त्या मोजणीसाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. अंगणात गुलाबाच्या कुंड्या एका रेषेत, दोरी लावून ठेवल्यासारख्या. दार चार बोटे उघडले.

"हरवलं म्हणून कळवलंय मी."

"कळवलंत ते वाचलं. म्हटलं, सापडलं असलं तर."

"नाही सापडलं." दार मिटले. मावशींनी वळताना कुंड्यांकडे पाहिले. प्रत्येक फांदी डोळ्याच्या वर, तिरकी, स्वच्छ कापलेली. पुस्तक समोर ठेवून कापावी तशी.

बावीस तारखेला त्या पुन्हा गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळी हकीकत सांगितली. काही झाकले नाही. मोजणीसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "चूक तुमची," ते म्हणाले. "मग माझ्या दारात का?" पुन्हा दार.

तेवीस तारखेला मावशी हत्यारांची पिशवी घेऊन गेल्या आणि पायरीवर बसल्या. तासाभराने आतून आवाज आला.

"बाई, तुम्ही पाठ सोडणार नाही का?"

"पाठ उघडायला आलेय, साहेब. सोडायला नाही."

मग कडी निघाली.

पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर होते, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले. मोजणीसाहेबांनी ते टेबलावर ठेवले, पण हात काढला नाही. "चोर म्हणालात तरी चालेल. मी पुस्तक परत करणार होतो. मग ही आजारी पडली. मला झाडांतलं काही कळत नाही. मला जमीन कळते. आपल्यामागे कुंड्यांचं कसं होणार म्हणून तिनं अंथरुणातून या समासांत लिहून ठेवलं. माझ्यासाठी." त्यांनी एक पान उघडले. पेन्सिलीची बारीक, थकलेली अक्षरे: 'इथे कापू नका, नव्या पानाला घाई नसते.' खाली आणखी एक ओळ: 'हातमोजे खुंटीला आहेत. शोधत बसू नका.'

"हे तिथे दिलं असतं तर कुणीतरी रबर घेऊन बसलं असतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही तर पाणी लावणार. ओल आत गेली तर?"

आता, मावशी शपथ घेऊ शकल्या असत्या. एकतीस वर्षांचा हवाला देऊ शकल्या असत्या. त्यांनी यातले काही केले नाही. हात धुतले, कोरडे केले, खुर्ची ओढली, आणि पहिले पान उलटले. पुढची बाजू पाहिली. मागची बाजू पाहिली. दुसरे पान. पुढची बाजू, मागची बाजू. पेन्सिलीचे अक्षर पाठीच्या किती जवळ आले आहे, हे नखाने मापत, जिथे ते शिवणीपाशी येई तिथे मेणकागदाची चिठ्ठी सरकवत, त्या एकशे चौऱ्यांशी पाने पाहत गेल्या. जे एका पानाच्या बाबतीत चोविसाव्या वर्षी केले नव्हते, ते आज प्रत्येक पानाला केले. घाई नव्हती, बडबड नव्हती. मधूनच त्या म्हणत, "इथे काय लिहिलंय, वाचता का साहेब? अक्षर पुसट आहे." आणि मोजणीसाहेब वाचत. पहिल्यांदा घसा खाकरून, मग सरळ, मग एका ठिकाणी हसून: "'या झाडाचा स्वभाव तुमच्यासारखा आहे, ताठ. आधार बांधा.'"

तास उलटला. शेवटचे पान मिटले तेव्हा मोजणीसाहेब उठले आणि त्यांनी पाणी तापत ठेवले.

फडके पिळून जवळजवळ कोरडे केले. पाठीवर ठेवले. उचलले. पुन्हा ठेवले. हाडाची पट्टी कापडाखाली गेली, केसभर, मग दोन केस. मावशींचे ओठ हलत होते. कापड सुटले.

पट्टी होती.

तिला वेगळी करायला आणखी अर्धा तास लागला. मग मावशींनी पिशवीतून टिपकागदात जपलेल्या दोन पट्ट्या काढल्या आणि तिन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून सरकवल्या. ओळ ओळीला भिडली. अक्षराचे अर्धे पोट अर्ध्या पोटाला मिळाले. कापलेली जागा केसाइतकी राहिली.

"वाचा," मावशी म्हणाल्या.

मोजणीसाहेबांनी चष्मा पुसला आणि ते एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागले. "पूल फिरतो. तो पहाटे घरी येतो. जिना चढतो. या जिन्याची चौथी पायरी करकरते. नऊ दिवस तो ती टाळतोय, कुणाला जाग येऊ नये म्हणून. आजही सवयीनं टाळतो. वर मुलगी उभी आहे. ती म्हणते," ते थांबले, बोट ओळीवर ठेवले, "'बाबा, आज तुम्ही सोडून आलात ती बोलणारी पायरी.' मग तो परत खाली जातो. अगदी खाली. आणि पुन्हा चढतो, प्रत्येक पायरीवर पाय दाबून, आणि चौथीवर जरा जास्तच जोरात."

एवढेच. त्याखाली कागद कोरा होता.

मावशींनी डोळ्याला पदर लावला, पण पाणी कागदावर पडू नये म्हणून त्या आधी दोन पावले मागे सरल्या.

मोजणीसाहेब अजून पट्ट्यांवर वाकलेले होते. "पण हा पुलावर आला कसा?" त्यांनी विचारले. "आणि मारेकरी कुणाचे?"

"ते दोनशे बावीस पानांत आहे. सोमवारी या ग्रंथालयात."

"मला आत घेतील?"

"मी आहे ना दाराशी."

मावशींनी गुलाबाच्या पुस्तकाला कोऱ्या कागदाचे नवे अस्तर लावले, कापड चढवले, आणि शिकंजा नव्हता म्हणून वर मोजणीसाहेबांच्या खात्याची जाडजूड दप्तरे रचली. "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका. तिनंच लिहिलंय ना, घाई नसते म्हणून."

ग्रंथपालबाईंनी तिन्ही पट्ट्यांचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढून संगणकावरून प्रकाशकाला पाठवले. गुलाबाचे पुस्तक कुठे आहे असे त्यांनी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "वाळतंय." बाईंनी जाड चष्म्यातून जरा वेळ पाहिले, मग नोंदवहीतला 'हरवले' हा शब्द खोडून 'सभासदाकडे' असे लिहिले, आणि त्या इंग्लंडच्या पत्राकडे वळल्या. उत्तर लिहून झाल्यावर त्यांनी ते मावशींना समजावून सांगितले.

"'दुरुस्तीच्या वेळी शेवटचे पान निखळले होते, ते शोधून काढण्यात आले आहे.' ठीक आहे ना?"

"नाही."

"मावशी, आता काय?"

"निखळलं होतं ते दुरुस्तीच्या आधी. दुरुस्तीत मी ते कापलं. न उलटता. तसंच लिहा."

"कशाला? तिला पान मिळालं, ती खूश होईल. उगीच तुमचं नाव—"

"बाई, तिच्या वडिलांची एवढी पानं मी शिवून ठेवली, त्यात माझं नाव कुठे आलं का? नाही ना. मग जिथे चुकले तिथे तरी येऊ द्या. आणि ते पान ती उलटून-पालटून बघेलच. मधल्या दोन रेषा तिला दिसणार. त्या कशाच्या, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. मी असताना दुसरं कोण सांगणार?"

ग्रंथपालबाईंनी ओळ खोडली. नवी ओळ लिहिली. मावशींनी ती शब्दाशब्दाने समजून घेतली, खाली स्वतःच्या हाताने सही केली, आणि कागद उचलून पाहिला. पुढची बाजू. मागची बाजू. मग पाकिटात घातला.

प्रकाशकाचे उत्तर पंचवीस तारखेलाच आले: छपाई दोन दिवस पुढे ढकलली आहे, पान मुळाबरहुकूम जाईल. मुलीचे पत्र यायला अजून वेळ होता, आणि त्यात राग असेल की आणखी काही, हे मावशींना ठाऊक नव्हते. त्यांनी त्याची वाट पाहिली नाही. तिन्ही पट्ट्यांना मागून दीपगृह झाकणार नाही असा पारदर्शक पातळ कागद लावला, राखाडी कापड उसवले, ते भेदरलेले जुने टाके एकेक करून काढले, ओठांतल्या ओठांत नाव घेतले, आणि सुईत दोरा ओवून दोनशे तेविसावे पान दोनशे बाविसाव्याशेजारी शिवायला बसल्या.